वेचणीच्या दिवसांत घरात भरलेली शाळा

थंडी पडायला लागली की माझ्या लेकीचा डावा कान दुखतो. आमच्याकडं कापूस फुटायला आणि तिचा कान ठणकायला एकच वेळ येते. यंदाही तेच झालं. दिवाळी उरकली, मी सकाळी वेचणीला निघायच्या घाईत कमरेला कापसाची ओटी बांधत होते आणि वैष्णवी डोक्याला रुमाल गुंडाळून, कानावर तळहात दाबून ओसरीत येऊन बसली. दुसऱ्या हातात दहावीचं विज्ञान.

"तेल कोमट करू का?" मी विचारलं.

"कानात तेल घालायचं न्हाई. डॉक्टरनी सांगितलंय. दरसाली कावून इचारतीस गं?"

दरसाली विचारते, कारण काहीतरी विचारावं लागतं. नुसतं बघत उभं राहणं मला जमत नाही.

तो कान माझ्या हातानं फुटलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको. मी तिची सख्खी आई आहे, डी.एड. फर्स्ट क्लास आहे, आणि लेकरांच्या मनाचा अभ्यास हा माझा परीक्षेतला आवडता पेपर होता.

शेतात गेले तरी ते वर्ष सुटत नाही. कापूस दिसायला मऊ. वेचणाऱ्या बाईला विचारा. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला घुसतात, बोटं चिरतात, घामाचं मीठ त्यात उतरतं. दुपारपर्यंत पांढऱ्या कापसावर कुठं कुठं लाल ठिपका दिसतो आणि बाया तो ठिपका आत दडपून ओटीत टाकतात. मीही टाकते. वाकून वाकून कंबर धरली की माझा उजवा हात मी उगीच झटकते. त्याला काही झालेलं नसतं.

शाळा बंद झाल्या त्या वर्षी वैष्णवी पाचवीत गेली होती. रोगाची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मला आनंद झाला होता. लग्न होऊन मी तेलगावला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली प्रमाणपत्रांची फाईल होती. शिक्षकांची भरती निघेल म्हणून वाट बघितली. मग वैष्णवी झाली, मग वय गेलं. मला आयुष्यात एकही वर्ग मिळाला नाही. आणि आता अचानक वर्गच घरी चालून आला: एक पोरगी, एक मोबाईल, आणि सकाळी अकराची वेळ. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. रंगीत खडूंनी त्याला चौकट काढली. पेन्सिलीला टोक करून ठेवलं, पाण्याची बाटली भरून ठेवली, ह्यांना बजावलं की अकरा ते एक कुणाचा फोन आला तरी मोबाईल मागायचा नाही. ह्यांनी मोबाईल निमूट दिला. मास्तरीण बाई घरात असल्याचं त्यांनाही कौतुक होतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला पाहिजे. लेकरू शाळेत घालताना बाप मास्तरांपुढं उभा राहतो आणि सांगतो, सर, हात सैल सोडा, आम्ही विचारायला येणार नाही. माझ्या वडिलांनी हे सांगितलं होतं. ह्यांच्याही वडिलांनी सांगितलं होतं, आणि ह्यांच्या मास्तरांनी तो शब्द इतका मनावर घेतला की ह्यांची करंगळी अजून वाकडी आहे. ती करंगळी हे पाहुण्यांना हसून दाखवतात. त्यात राग नसतो, अभिमान असतो. मार बसला म्हणजे कुणीतरी आपल्याकडं लक्ष दिलं, अशी आमची समजूत.

तर त्या वर्षी वैष्णवीच्या सरांचा पालकांच्या गटावर संदेश आला, "तासाच्या वेळी पालकांनी पाल्याजवळ बसावे." सरांना नुसतं बसणंच म्हणायचं होतं. पण सबंध गल्लीनं त्याचा अर्थ एकच लावला. इतकी वर्षं आपण मास्तरांना जो हक्क देऊन ठेवला होता, तो मास्तरांनी परत केला. शाळा घरी आली, तशी छडीही घरी आली.

ते आवाज मला अजून ऐकू येतात. अकराला गल्ली एकदम गप्प व्हायची. घराघरातून एकाच वेळी "गुड मॉर्निंग सर" निघायचं. मग पाचदहा मिनिटं कुणाचं काही नाही. मग पहिला.

"काय म्हणले सर? सांग! कान फुटलेत का तुझे?"

चट्ट.

आणि मग जणू वाट मोकळी झाली, असे दुसऱ्या घरातून, तिसऱ्या घरातून. पट्टीचा आवाज वेगळा, हाताचा वेगळा, लाटण्याचा वेगळा. कोपऱ्यावरच्या घरात बाप बैलाच्या कासऱ्यानं मारायचा, त्याला आधी सूं असा आवाज यायचा. नेटवर्क गेलं तरी मार बसायचा. मोबाईल गरम होऊन बंद पडला तरी मार बसायचा, कारण मोबाईलला मारता येत नव्हतं. धुणं वाळत घालताना आम्ही बाया कान देऊन ऐकायचो आणि ओळखायचो, आज तिसरीचं गणित दिसतंय. आम्ही हसायचो. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

आमच्या घराला घर लागून जरीनाभाभीचं घर. तिच्या नवऱ्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान, आणि तिची सना वैष्णवीच्याच वर्गात. दोघी एका बाकावर बसायच्या. जरीनाभाभी चौथी शिकलेली. मोबाईलवर सरांचं तोंड दिसलं की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची, जणू सर दारात आलेत. एकदा तिनं मला विचारलं, "वैनी, साऱ्या गल्लीतून आवाज येतो. तुमच्या घरातून कावून येत न्हाई?"

मी म्हटलं, "आमी समजावून सांगतो."

खरं कारण वेगळं होतं. पावसाळ्यात आमचा वर्ग ओसरीत भरायचा. दसऱ्यानंतर कापूस घरात यायला लागला आणि मधली खोली आढ्यापर्यंत भरत गेली. ज्यांनी कापसाच्या खोलीत वेळ काढलाय त्यांना ठाऊक आहे, तिथं आवाज मरतो. आत कुणी मोठ्यानं हाक मारली तरी अंगणात पुटपुटल्यासारखी येते. मी वैष्णवीचा वर्ग त्या खोलीत हलवला. ह्यांना सांगितलं, बाहेर गोंगाट असतो, लेकराचं ध्यान लागत नाही. हे खरंही होतं. पण मी पऱ्हाटीची काठीही तिथंच ठेवत होते, कापसाच्या ढिगात खोचून.

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळकं झाड. त्याची काठी बारीक असते, लवते, तुटत नाही. पोटरीवर बसली की आधी पांढरी रेघ उठते, मग ती लाल होते आणि संध्याकाळी जांभळी. हे मी वर्गात शिकलेले नाही. हे मला त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरनं शिकवलं.

आणि तरी मी चांगली शिकवत होते. हे मला पुसता येत नाही. तिला भागाकार येत नव्हता, मी ज्वारीचे दाणे मोजायला दिले. नकाशा येत नव्हता, मी अंगणात राखेनं जिल्हा काढला आणि तिला गेवराईवरून धारूरला उड्या मारत नेलं. गोदावरी म्हणून निळी ओढणी अंथरली. ती खदखदून हसली होती. त्याच दिवशी बाराच्या सुमाराला तिनं एका शब्दाची वेलांटी तीनदा चुकवली आणि मी तिला काठीनं इतकं मारलं की ती कापसात तोंड खुपसून पडली. तोंड वर काढलं तेव्हा पापण्यांना, ओठांना कापसाचे तंतू चिकटले होते. शिकवणं आणि मारणं एकाच तासात चालायचं, त्यामुळं नंतर जे यश आलं ते कशाचं, हे मला वेगळं काढता आलं नाही. आज वाटतं, दाण्यांचं होतं. तेव्हा छातीठोक सांगितलं असतं, काठीचं.

राग कुठून यायचा? तिच्या चुकीचा तो नव्हता. इतका मोठा राग एका वेलांटीत मावत नाही. मोबाईलच्या त्या छोट्या चौकोनात सर दिसायचे, माझ्याच वयाचे, माझ्याच वर्षी पास झालेले, आणि अडखळत शिकवायचे. मला वाटायचं, हे मी किती बरं शिकवलं असतं. मग सर वैष्णवीला प्रश्न विचारायचे. ती चुकली की मला ऐकू यायचं, बाई नापास. मी सरांना मारू शकत नव्हते, भरती न काढणाऱ्यांना मारू शकत नव्हते. हाताच्या अंतरावर दहा वर्षांची पोरगी होती. एवढं साधं आहे ते. पहिला फटका बसला की हाताला मुंग्या यायच्या आणि खरं बोलायचं तर बरं वाटायचं. दुसरा त्या बऱ्या वाटण्यासाठी असायचा.

ह्यांनी एकदा बघितलं. दार लोटून आत आले, वैष्णवीच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "लई हानू नको." आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. हे वाईट नव्हेत. त्यांनी 'लई' हा शब्द वापरला, म्हणजे थोडं चालेल असा मी अर्थ घेतला.

नोव्हेंबरात ऑनलाइन चाचणी झाली. आसपासच्या सगळ्या शाळांत मिळून वैष्णवी पहिली आली. सरांनी तिचा फोटो गटावर टाकला. शंभर जणांनी हात जोडले, फुलं पाठवली. सरांचा मला फोन आला.

"ताई, तुम्ही नेमकं काय करता? दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवा. बाकीच्या पालकांना मार्गदर्शन होईल."

मार्गदर्शन. मला! मी पोपटी साडी नेसले, केस बांधले, वेळापत्रक लावलेल्या भिंतीसमोर उभी राहिले आणि बोलले. बसायची जागा ठरलेली असावी. वेळ ठरलेली असावी. वही-पेन्सिल आधी काढून ठेवावी. मूल अडलं तर घरातल्या वस्तूंनी समजावून सांगावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पालकांनी जवळ बसावं. एकदाही अडखळले नाही. आयुष्यभर पाठ केलेला धडा असावा तसं बोलले.

मोबाईल वैष्णवीनं धरला होता. तिच्या पोटऱ्यांवर वळ होते, पण कॅमेरा माझ्याकडं होता.

"आला का चांगला?" मी विचारलं.

"आला की. लई भारी दिसायलीस," ती म्हणाली, आणि खरंच कौतुकानं म्हणाली. त्या कौतुकाचं काय करावं ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जरीनाभाभी आली. तिनं व्हिडिओ चारदा बघितला होता. चुलीपाशी बसली, आवाज खाली करून म्हणाली, "वैनी, माझ्यापाशी खरं सांगा. नुसतं जवळ बसून कुठं लेकरू पयलं येतंय?"

मी चुलीवरचं दूध बघत होते. म्हटलं, "थोडा धाक लागतो."

एवढंच बोलले. तेवढं पुरलं. पुढचे चार दिवस भिंतीपलीकडून सनाचं रडणं येत होतं. त्या घरात कापूस नव्हता. सगळं ऐकू यायचं. चौथ्या दिवशी भर तासात भिंतीपलीकडं काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळानं जरीनाभाभी अंगणात उभी. हातात लाकडी पट्टीचे दोन तुकडे. तिचेच डोळे सुजलेले.

"मला न्हाई जमायचं हे. लेकरू हाय, ढोर न्हाई. येईल तेवढं येईल तिला. न्हाई आलं तर न्हाई."

तिनं ते तुकडे माझ्यासमोर अंगणातल्या चुलीत घातले आणि गेली. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, अडाणी ती अडाणीच. हिच्यात दम नाही. लेकीसाठी मन घट्ट करावं लागतं, ते हिला काय कळणार. त्या दिवशी मी स्वतःला फार मोठी समजले.

डिसेंबरातला तो दिवस. आभाळ भरून आलं होतं. वेचलेला कापूस रानात उघडा पडला होता, बाया बांधावर माझ्यासाठी खोळंबल्या होत्या, आणि तास संपत नव्हता. हेडफोनची वायर एकच. तिचं एक टोक माझ्या उजव्या कानात आणि दुसरं वैष्णवीच्या डाव्या कानात, अशा आम्ही खेटून बसायचो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय मायलेकी आहेत.

अपूर्णांक चालू होते. आदल्या संध्याकाळी मी भाकरीचे आठ तुकडे करून तिला दाखवले होते. तीन तुकडे घेतले, आणखी दोन घेतले, पाच झाले. तुकडे आठातलेच, सोळा कुठून येतील? वीस वेळा घोकून घेतलं होतं. सरांनी विचारलं, "वैष्णवी, तीन अष्टमांश अधिक दोन अष्टमांश?"

तिनं माईक चालू केला. तो चालू आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"पाच सोळांश," ती म्हणाली.

मी वळले आणि हात उचलला. ह्या खेपेला काठी शोधायला वेळ नव्हता. उघड्या पंजानं, पूर्ण ताकदीनं, तिच्या डाव्या कानावर. कानात ते हेडफोनचं बोंड तसंच होतं. वायरीला हिसका बसला, माझ्या कानातलं टोक निसटून पडलं. ती एका बाजूला कापसावर कलंडली. ती ओरडली नाही. तिनं तोंड उघडलं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं.

मी टोक उचलून कानात घातलं, ही सवय. तर सरांचा आवाज, "कसला आवाज आला?"

मोबाईलच्या चौकोनाचौकोनांत लेकरं बसली होती. एकही हललं नाही. एकानंही विचारलं नाही की काय झालं. त्यांना तो आवाज ओळखता येत होता. प्रत्येकाच्या घरात तो होता. सनाचा चौकोनही होता तिथं, आणि तिनं हळूच आपल्या दोन्ही कानांवर हात ठेवले.

सरांनी पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाले, "बरं. पुढचं उदाहरण घ्या."

आता जे सांगायचं आहे ते त्या थापडीहून वाईट आहे. मी तिला उठवून बसवलं. तिच्या कानातून पाण्यासारखं काही आणि त्यात रक्ताची एक रेघ मानेवर उतरत होती. ती म्हणाली, "आई, कानात शिट्टी वाजायलीय." मी पदरानं ती रेघ पुसली, ते टोक तिच्या उजव्या कानात घातलं आणि म्हटलं, "आधी उत्तर दे." पुढचं उदाहरण झाल्यावर सरांनी तिला तेच पुन्हा विचारलं. तिनं पाच अष्टमांश सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास." मग मी वेचणीला गेले. बाया खोळंबल्या होत्या.

दोन दिवसांनी कान वाहायला लागला, ताप आला, तेव्हा माजलगावच्या डॉक्टरकडं न्यावंच लागलं. ह्यांच्या गाडीवर मध्ये ती, मागं मी. वाटेत मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तिला शिकवत होते.

"काय सांगायचं?"

"कान खाजत होता."

"मग?"

"मग मी पऱ्हाटीची काडी घातली."

"कुठं?"

"रानात. वेचणीला गेलते तवा."

तीनदा म्हणवून घेतलं. एका दमात, न चुकता. हे पुढं गाडी चालवत होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, की वेग कमी केला नाही. डॉक्टरांनी विचारलं, तिनं सांगितलं. डॉक्टर तिच्यावर चिडले. एवढी मोठी झालीस, अक्कल नाही का, कानात काड्या घालतात का कुणी? पडद्याला भोक पाडून घेतलंस. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ते बोलणं माझं होतं, मला बसायला पाहिजे होतं. मी शेजारी उभी राहून डॉक्टरांना म्हटलं, "सांगा की जरा, आमचं ऐकतच न्हाई."

हो, मी असं म्हटलं.

खोटं एकदा घरात आलं की त्याला खायला घालावं लागतं. सासरी-माहेरी सगळ्यांना तेच सांगितलं. लग्नकार्यात तिचे मामा, आत्या तिला चिडवतात, "काय काडीवाली, ह्या कानानं ऐकू येतंय का?" लोक हसतात. तीही हसते. पाच वर्षांत तिनं एकदाही कुणाला खरं सांगितलं नाही. शाळा सुरू झाल्यावर ती वर्गात डाव्या भिंतीकडची जागा धरून बसायला लागली, म्हणजे सगळा वर्ग उजव्या कानाला येतो. मुली डावीकडून हाक मारतात, ती ओ देत नाही, तर म्हणतात मार्क पडतात म्हणून आखडू आहे. ती आजही पहिल्या तिघींत असते. लोक मला म्हणतात, तुम्ही घडवलीत. मी हो म्हणते. नाही म्हणायचं तर पुढचं सगळं सांगावं लागेल.

त्या दिवसानंतर मी तिला मारलं नाही. हे सांगताना माझी मान उगाच वर होते, तिला खाली ठेवावी लागते. कारण राग कुठं गेला नाही. तो भांड्यांवर निघतो, वासरावर निघतो. एकदा वासराला मारताना मागं बघितलं तर वैष्णवी दाराशी उभी होती, भिंतीला पाठ लावून, डावा खांदा कानापर्यंत उचललेला. आणि मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तर आजही ती मान आत घेते. पंधरा वर्षांची, माझ्याहून उंच झालेली पोरगी. मी डबा काढते, ती पाणी पिते.

गेल्या महिन्यात शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी हिचा कान बघून चिठ्ठी दिली की बीडला कानाच्या डॉक्टरांना दाखवा, पडदा शिवता येईल, पण वेळ घालवू नका. कान वाचला तर वाचला. मी वेचणी टाकून तिला घेऊन निघाले. एसटीत ती खिडकीशी बसली, मला उजवीकडं घेऊन. रानात ठिकठिकाणी पांढरं फुटलेलं होतं. वडवणी मागं पडल्यावर मी माझ्याही नकळत विचारलं, "डॉक्टरनी इचारलं तर काय सांगायचं?"

ती बाहेरच बघत होती. म्हणाली, "तू सांग. मी लई बार सांगितलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. पुढचा सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवली. चुकून लागला. माझ्या हातून झालं. तेव्हा परिस्थिती तशी होती. डी.एड. झालेली बाई, वाक्यांना काय तोटा.

डॉक्टर वयस्कर होते. माजलगावचा जुना कागद त्यांनी उलगडला, चष्मा वर सारला. "काडी घातली होती, असं लिहिलंय इथं. कशी काय घातलीस, बाळ?"

वैष्णवीचे ओठ उघडले. ते मी बघितलं. पाच वर्षांची सवय, उत्तर जिभेवर तयार होतं. मग तिनं ओठ मिटले आणि माझ्याकडं वळून बघितलं. रडणं नाही, विनवणी नाही. नुसती थांबली होती.

"काडी न्हाई," मी म्हटलं. "मी मारलं होतं."

डॉक्टरांनी कागदावरून वर बघितलं. "तुम्ही?"

"मी. तिची आई. शिकवताना. गणित चुकलं म्हणून कानाखाली मारली. कानात हेडफोन होता. काडीचं मीच पढवलं होतं तिला."

"एकदाच?"

"कानावर एकदा. बाकी लई वेळा."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून आलं नाही. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडं सरकवली, उजव्या बाजूला, आणि हळू आवाजात विचारलं, "खरं आहे का हे?"

"हो," वैष्णवी म्हणाली.

मला वाटलं, आता ती पुढं 'पण' म्हणेल. पण आई चांगली आहे. पण तिनंच मला शिकवलं. पण तेव्हापासून ती मारत नाही. काहीही चाललं असतं. मी तिच्या तोंडाकडं बघत त्या एका 'पण'ची वाट बघत बसले. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी जुनं खोडलं, नवं लिहिलं, खाली सही केली, कागद माझ्यापुढं सरकवला. तोपर्यंतही ती काही बोलली नाही.